मॉन्ट्रियलला व्हिएतनामी खायला गेलो, एकटाच

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझी धाव ठाऊक आहे. टोरांटोजवळच्या मिल्टनहून सकाळी गाडी काढायची, एखादा धबधबा नाहीतर सफरचंदाची बाग बघायची आणि संध्याकाळच्या चहाला घरी परत. वॉनच्या वेअरहाउसमधून रिटायर झाल्यापासून चार वर्षं हेच चाललंय. त्यामुळे मी तीन दिवस मॉन्ट्रियलला, तेही व्हिएतनामी खायला जातोय म्हटल्यावर शेजारच्या देशपांड्यांनी काळजीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

कारण सांगूनच टाकतो, लपवून काय करायचंय. माझी मुलगी तिर्झा मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे, ब्रॉसार्डला राहते. तिचा नवरा मिन्ह इथेच जन्मलेला, व्हिएतनामी घरातला, आणि त्याची आई त्यांच्याबरोबरच राहते. दोन वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्यांदाच, विहीणबाईंनी मला जेवायला बोलावलं. आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे ज्यू. मी काही फार कट्टर नाही. मटण कुठून आणलं ते विचारत बसत नाही, पण तीन गोष्टी पाळतो: डुक्कर नाही, खवलं नसलेलं मासळीतलं काही नाही, आणि मटणाबरोबर किंवा मटणानंतर दूध नाही. तर मी काय करावं? विहिणीच्या घरी डबा घेऊन गेलो. चपात्या आणि बटाट्याची भाजी. टेबलावर दहा पदार्थ मांडलेले, आणि मी डब्याचं झाकण काढून बसलो. वर तिर्झाला मराठीत म्हणालो, "कुठल्या भांड्यात काय शिजवलंय कुणास ठाऊक." भाषा कळली नाही तरी तोंड सगळ्यांना वाचता येतं. शेवटी विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने एक वाटी पुढे ठेवली, पांढरंशुभ्र काहीतरी, त्यात केळ्याचे तुकडे. मटणाच्या जेवणानंतर दूध! मी वाटी सरळ मागे सारली.

तेव्हापासून मला त्या घरी बोलावणं नाही. तिर्झा आमच्या नव्या वर्षाच्या सणाला फोन करते, "शाना तोवा पप्पा, टेक केअर," की संपलं. मला काय हवंय ते एका वाक्यात सांगतो: मला माझ्या मुलीच्या घरी पुन्हा जेवायला बसायचंय. म्हणून डोक्यात आलं की आपण आधी शिकून घ्यावं, त्यांच्या खाण्यातलं आपल्याला काय काय चालतं, आणि मग तिला फोन करून सांगावं. एक वही घेतली. डावीकडे "चालतं", उजवीकडे "चालत नाही". हसा खुशाल.

नोव्हेंबरातल्या गुरुवारी सकाळी निघालो. गाडी नेली तर चारशे एक हायवेने सहा-साडेसहा तास लागतात, आणि या वयात एकट्याने तेवढं चालवायचं नव्हतं. विंटर टायर्सही अजून बसवले नव्हते. मिल्टनची कम्युटर ट्रेन सकाळीच टोरांटोकडे जाते, वीकेंडला नसते, हे लक्षात ठेवा. टोरांटोहून मॉन्ट्रियलची गाडी पाच-साडेपाच तास घेते. तिकीट महिनाभर आधी बुक केलंत तर बरंच स्वस्त पडतं. डाव्या बाजूची सीट घेऊ नका, वाटेतलं मोठं तळं उजवीकडे दिसतं. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. खिडकीबाहेर काही दिसलं की मी सवयीने "हे बघ" म्हणायला वळत होतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मान अजून वळते.

खोली घेतली होती जाँ-तालों मेट्रोजवळ, एका घरातली, रात्रीचे ऐंशी डॉलर. एक गोष्ट आधीच सांगतो. व्हिएतनामी "रस्त्यावरचं खाणं" मॉन्ट्रियलमध्ये रस्त्यावर मिळत नाही. या थंडीत गाडा लावला तर माणूसच गोठेल. ते सगळं आत, छोट्या छोट्या दुकानांत सरकलंय. काही दुकानं सँ-देनी रस्त्यावर या मेट्रोच्या आसपास, काही चायनाटाउनमध्ये. बऱ्याच ठिकाणी कॅशच घेतात, खिशात नोटा ठेवा.

पहिल्या संध्याकाळी फो, म्हणजे शेवयांचा रस्सा. दारातल्या मुलीने विचारलं, "युन पेर्सन?" म्हणजे एकटेच का. हो बाई, एकटाच. तिने मला वॉशरूमच्या दाराशेजारचं दोघांचं टेबल दिलं आणि समोरची चॉपस्टिक्सची जोडी उचलून नेली. गाईच्या हाडांचं तासन् तास उकळलेलं पाणी, दालचिनी आणि चक्रीफुलाचा वास, तांदळाच्या शेवया, वर गाईच्याच मटणाचे पातळ काप. सोबत ताटलीत मोड आलेले मूग, लिंबू आणि तुळशीच्या चुलत बहिणीसारखी पानं. सोळा डॉलरला केवढं तरी मोठं वाडगं! यात दुधाचा थेंब नाही. फिश सॉस कशाचा असतो ते मुलीला विचारलं, तर छोट्या माशाचा, आपल्या मांदेलीच्या जातीचा. खवलंवाला! वहीत डावीकडे पहिली नोंद झाली. अर्धं वाडगं उरलं. घरचं कुणी असतं तर म्हणालं असतं, टाकू नका, इकडे द्या.

शुक्रवारी चायनाटाउनला बान्ह मी. फ्रेंचांनी पाव दिला आणि या लोकांनी त्याचं सोनं केलं. कुरकुरीत पाव, आत मुळा-गाजराचं आंबटगोड लोणचं, कोथिंबीर, हिरवी मिरची. मी टोफूचा मागितला, साडेसात डॉलर. काउंटरवरच्या माणसाने सुरी पावाला लावायच्या आधी मी ओरडलो, "नो पाते!" त्यात डुकराची कलेजी असते. आणि हे पाते टोफूच्याही पावाला न विचारता फासतात, म्हणून शाकाहारी मंडळींनो, तुम्हीही आधीच ओरडा. तो हसून म्हणाला, "मुस्लिम?" मी म्हणालो, "ज्यूइश." तो म्हणाला, "इंडियन ज्यूइश?" आणि मागच्या बाईला काहीतरी सांगितलं. ती मला बघायला बाहेर आली. दिवसभरात माझ्याशी कुणी आपणहून बोललेलं एवढंच.

दुपारी बान्ह सेओ. तांदळाच्या पिठाचं हळद घातलेलं घावन, कडा कुरकुरीत, मधोमध दुमडलेलं. आत नेहमी कोळंबी आणि पोर्क असतं. मी विनवणी करून मशरूम आणि मोडांचं करून घेतलं. तुकडा तोडायचा, लेट्यूसच्या पानात पुदिन्याबरोबर गुंडाळायचा, सॉसमध्ये बुडवायचा आणि हातानेच खायचा. पण ते येतं दोन-तीन जणांच्या बेताने. शेजारच्या टेबलावर एक आई आपल्या मोठ्या झालेल्या मुलीला गुंडाळून गुंडाळून भरवत होती आणि मुलगी "मम्, स्टॉप!" म्हणत खात होती. मी माझी पानं माझी मीच गुंडाळली. मग उसाचा रस प्यालो. त्यात आल्याऐवजी एक बारकं संत्र्यासारखं फळ पिळतात. बरा लागला.

संध्याकाळी साबाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागला. खोलीत मेणबत्ती लावायला बंदी होती. बाटलीत घरून आणलेलं मनुकांचं सरबत प्लास्टिकच्या ग्लासात ओतलं आणि किद्दुशची प्रार्थना म्हटली. भिंती पातळ, म्हणून हळू आवाजात. आमेन म्हणायलाही मीच. खरं सांगतो, त्या वेळी फार एकटं वाटलं. नदीपलीकडे, ट्रेनने वीस मिनिटांवर माझी मुलगी होती आणि मी वहीत घावनाची नोंद करत बसलो होतो.

शनिवारी सकाळी मेट्रोजवळच्या एका बारक्या दुकानात शिरलो. तिथे नुसतं गोड मिळतं, त्याला चे म्हणतात. काचेच्या मागे दहा-बारा पातेली: मुगाचं, लाल चवळीचं, रताळ्याचं, साबुदाण्याचं. शेवटच्या पातेल्यात पांढरंशुभ्र, केळ्याचे तुकडे घातलेलं. मी ते ओळखलं. दुकानवाली साठीची असेल, डोक्याला रुमाल बांधलेली.

मी बोट दाखवून विचारलं, "मिल्क?"

"नो मिल्क."

"पण व्हाइट आहे. क्रीम?"

"कोकोनट," ती म्हणाली. मग मी मठ्ठ आहे असं समजून हाताने खोबरं खवून पिळायची खूण केली. "वी, व्हिएतनामीज, नो मिल्क. मिल्क इज फॉर कॉफी. स्वीट, ऑलवेज कोकोनट."

मी वाटी घेतली, सहा डॉलर, आणि उभ्यानेच एक चमचा तोंडात घातला. अहो, नारळाचं दूध! आमच्या अख्ख्या जातीचं खाणं ज्यावर उभं आहे ते. मटणानंतर दूध चालत नाही म्हणून कोकणातल्या आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सगळ्याला नारळ पिळला. रोश हशानाला, आमच्या नव्या वर्षाला, माझी आई गव्हाच्या चिकाचा हलवा करायची तो नारळाच्या दुधातच. मी त्याच्यावर वाढलो. आणि दुसऱ्या कुणी तेच करून पुढे ठेवलं तर न चाखता, न विचारता मागे सारलं! कसला शहाणा मी. दुकानवालीने विचारलं, "नॉट गुड?" मी म्हटलं, "व्हेरी गुड." माझे डोळे भरलेले बघून तिने पेपर नॅपकिन दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वही तिथेच बंद केली. मेट्रोने सेंट्रल स्टेशनला आलो आणि ब्रॉसार्डची नवी ट्रेन पकडली. ती पुलावरून नदी ओलांडते, खाली राखाडी पाणी. शेवटच्या स्टेशनवरून तिर्झाला फोन केला.

"पप्पा? इज एव्हरीथिंग ओके? तुम्ही कुठे आहात?"

"तुझ्या स्टेशनवर."

दहा मिनिटांत ती आली, एकटीच, घरातल्या स्लिपर्सवर कोट चढवून. मी गाडीत बसलो. तिने इंजिन चालूच ठेवलं, पार्किंगमधून हलली मात्र नाही.

"बाळा, ती वाटी," मी म्हणालो. "ते नारळाचं दूध होतं."

"आय नो, पप्पा."

"मला दूध वाटलं."

"मी तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला. टेबलवर. ट्वाइस." तिने काचेतून समोर बघत सांगितलं. "यू वेअरन्ट लिसनिंग. तुम्ही चपाती खात होता."

मला खरंच आठवत नाही. पण ती म्हणते तर सांगितलं असणार.

मग ती म्हणाली, "त्या टेबलवर काहीच रॉंग नव्हतं. पोर्क नाही, श्रिम्प नाही, मिल्क नाही. मिन्हच्या मम्मीने मला सगळं विचारून घेतलं होतं. तिने त्या दिवसासाठी नवी पातेली आणली होती. जुन्यांत पोर्क शिजतं ना, म्हणून. आणि तुम्ही भांड्यांबद्दल बोललात."

मला तोंड वर करता येईना. मी विचारलं, "कुठे आहेत ती?"

"काय?"

"पातेली."

"घरीच. वरच्या शेल्फवर. ती दुसरं काही शिजवत नाही त्यांत. मिन्हने एकदा काढली तर ओरडली त्याला. म्हणते, दोज आर फॉर तिर्झाज फादर."

मी विचारलं, "येऊ का आत्ता? माफी मागून लगेच निघतो."

"आज नको, पप्पा. असं अचानक नको. तिला फार लागलं होतं तेव्हा." तिने माझ्या मफलरची गाठ नीट केली आणि स्टेशनच्या दारापर्यंत आली. "जेवलात का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती गेली.

रविवारी परतीची गाडी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मिल्टनला वीकेंडची ट्रेन नाही, म्हणून बस, आणि तिला खूप वेळ लागला. घर गार पडलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर दोन दिवस पुरतात. फो, बान्ह मी, बान्ह सेओ, चे, एवढं नक्की खा. दिवसाला पन्नास-साठ डॉलरमध्ये भरपेट होतं. काही पाळत असाल तर लाजू नका, विचारा. सगळे नीट सांगतात. आणि जमलं तर कुणाला तरी बरोबर न्या, ताटल्या मोठ्या असतात. माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर चव नाही राहिली. वरच्या शेल्फवरची ती पातेली राहिली, जी मी पाहिलेलीही नाहीत.

काल विहीणबाईंना पत्र लिहायला बसलो. इंग्रजीतच, मिन्ह वाचून दाखवेल. "डियर" लिहिलं आणि हात थांबला. या बाईने मला काय चालतं, काय नाही, सगळं पाठ केलं होतं, आणि मला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. दोन वर्षं विहीणबाई, विहीणबाई करत राहिलो, कधी विचारलंच नाही. लाज गिळून तिर्झाला मेसेज केला. तासाभराने उत्तर आलं: "लान."

मग लिहिलं, इथे मराठीत देतो: "डियर लान, त्या दिवशी तुम्ही दिलेली वाटी मी मागे सारली. ते नारळाचं दूध होतं, हे मला गेल्या शनिवारी कळलं. मला पुन्हा वाढाल का?"