भिकाजी तांडेलाचा एकच डोळा

१९३५ सालचा वैशाख. मचवा जयगडच्या पुढे मुंबईच्या वाटेवर होता. वारा शिडात छान भरला होता आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. अशात ऐन दुपारी नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला भिकाजी तांडेल एकाएकी ओरडला, "शीड उतरवा! डाव्या अंगानं ढग चढतोय!"

चौघे खलाशी धडपडून उठले. दोराला हात घालताना त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. नजर जाईल तिथवर निळं पाणी आणि वर निळं आभाळ. सुकाणावर भिकाजीचा मेव्हणा दादू बसला होता. तो म्हणाला, "भावोजी, ढग कुठं हाय?"

"तो काय, वर! काळा कुळकुळीत! दिसत नाय तुला?"

समुद्रात तांडेलाचा शब्द खाली पडत नाही. शीड उतरलं. तासभर मचवा लाटांवर नुसता डुलत राहिला. ढग पुढे सरकला नाही, मागेही गेला नाही. शेवटी भिकाजीच हळू आवाजात म्हणाला, "चढवा." शीड चढलं. त्यानंतर खलाशी त्याच्याशी बोलताना आधी दादूकडे बघू लागले.

भिकाजी रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यातला. सहा वर्षांचा असताना त्याला देवी आल्या आणि जाताना डावा डोळा घेऊन गेल्या. त्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. सकाळी सकाळी तो समोर आला तर काही माणसं काम टाकून घरी परतत. जमिनीवर अशी गत, पण समुद्रावर त्याच्या एका डोळ्यापुढे दहाजणांचे वीस डोळे फिके पडत. पाण्याचा रंग जरासा बदलला की खाली खडक आहे हे तो सांगायचा. चाळिशी उलटेपर्यंत त्याच्या मचव्याच्या तळाला कधी ओरखडा उठला नव्हता.

या वैशाखाच्या तीन महिने आधी, माघात, वेंगुर्ल्याजवळ शीड चढवताना दोर तुटला. लाकडी कप्पी झोका घेऊन आली आणि थेट त्याच्या उजव्या डोळ्यावर बसली. आठ दिवस डोळा वांग्यासारखा सुजलेला होता. त्याची बायको मथुरा किल्ल्यावरच्या भगवतीला नारळ बोलली. सूज उतरली, दिसू लागलं, आणि पेठकिल्ल्यात सगळे म्हणाले, "देवीनं राखलान."

चैत्र लागला तशी त्याच्या नजरेत चिलटं उडायला लागली. तो हातानं वारायचा, पण ती जायची नाहीत. डोळा फिरवला की कोपऱ्यात गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखी ठिणगी उडायची. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. आधीच एका डोळ्याचा माणूस. त्या एका डोळ्याचीही तक्रार केली तर मचवा त्याच्या हाती कोण ठेवणार?

मुंबईला माल उतरवून, परतीची पोती भरून मचवा माघारी फिरला. जाताना डाव्या हाताला समुद्र होता, आता डाव्या हाताला किनारा आला. भिकाजीनं वर पाहिलं. ढग तिथेही होता, डोंगरांच्या डोक्यावर. तो फळी बाजूला सारून, खाली वाकून मचव्याच्या पोटात डोकावला. पोत्यांवरही तोच ढग, डावीकडे वर, गोलसर कडेचा, पाण्यावरच्या शेवाळासारखा हलणारा.

तो तिथेच बसला. ढग आभाळात नव्हताच. तो त्याच्याबरोबर फिरत होता.

तीन दिवसांच्या वाटेत ढगाची कड रोज बोटभर खाली उतरत गेली. माणसाचं तोंड नीट बघायचं तर भिकाजीला मान मागे टाकावी लागे. तरी त्यानं नाळेवरची जागा सोडली नाही. रत्नागिरीच्या किल्ल्याखालून वळण घेताना डावीकडून एक होडी आडवी आली. दादूपुढे शिडाचा आडोसा होता. पुढचं बघायचं काम तांडेलाचं. तांडेल गप्पच. केरू नावाचा खलाशी किंचाळला, तेव्हा दादूनं सगळं अंग टाकून सुकाण लोटलं. मचव्याची नाळ होडीला घासून गेली आणि होडीतला म्हातारा रामा पाण्यात पडला.

त्याला वर ओढून काढलं. खोकत, थुंकत तो म्हणाला, "तांडेला, आंधळा झालास काय रे?"

कुणीही हसलं नाही.

दादूनं घरी जाऊन बहिणीच्या कानावर सगळं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी पेज पीत बसला होता. मथुरा त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं उजवा हात डोक्याच्या वर धरला.

"माझ्या हातात काय हाय, सांगा."

"कुठल्या हातात गो?"

तिनं हातातली पळी खाली ठेवली. "कधीपासून असां हाय?"

"चैत्रापासून."

"आणि मला आज कळतां!" तिनं पदर खोचला. "चला इस्पितळात."

"लोकांनी बघितलां तर?"

"बघू देत. काल रामा बुडाला असता तर लोकांनी काय बघितलां नसतां?"

रत्नागिरीच्या इस्पितळातले डॉक्टर उतारवयाचे होते, मोजकं बोलणारे. त्यांनी खोली अंधारी केली, कपाळाला आरसा बांधला आणि दिव्याचा कवडसा त्याच्या डोळ्यात सोडून बराच वेळ पाहिलं.

"डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो," ते म्हणाले. "आपल्याला जे दिसतं ते त्या पडद्यामुळे. भिंतीचा गिलावा सुटावा तसा तुमचा पडदा सुटत चाललाय. तुम्ही ज्याला ढग म्हणता तो तोच."

"मग आता?"

"दहा वर्षांपूर्वी आला असतात तर म्हटलं असतं, घरी जा, देवाचं नाव घ्या. आता मुंबईला एक सर्जन युरोपात शिकून आलेत. विजेच्या सुईनं डाग देऊन पडदा जागी चिकटवतात. दहातले पाच-सहा बरे होतात."

"आणि बाकीचे?" मथुरेनं विचारलं.

डॉक्टर आरसा पुसत म्हणाले, "ढग डोळ्याच्या मधोमध पोचायच्या आत गेलं पाहिजे. पावसाळ्याआधीची शेवटची बोट शनिवारी आहे. तोवर आडवं पडून राहायचं. डोक्याला धक्का लागता कामा नये."

शनिवारी दादू आणि तिघा खलाशांनी त्याला बाजेवर निजवून मांडवी बंदरावर नेलं. बंदरावरची एक कोळीण त्यांना बघून थांबली, डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि तिनं हात जोडले. भिकाजीला तिचे जोडलेले हात दिसले, तोंड दिसलं नाही.

"जिवंत हायत ते!" मथुरा तिच्यावर खेकसली.

बोट लांब उभी होती. पडावातून तिच्यापर्यंत जाताना वैशाखाच्या शेवटच्या लाटा फळ्यांवर आदळत होत्या. आयुष्य पाण्यावर काढलेल्या त्या माणसानं बायकोचं मनगट असं आवळलं, की तिच्या बांगड्या हातात रुतल्या. बोटीच्या डेकवर तो उताणा पडून राहिला. सकाळी मुंबई आली तेव्हा मथुरा त्याच्यावर वाकून काही विचारत होती. त्याला फक्त तिची हनुवटी हललेली दिसली. त्यावरचं सगळं काळं होतं.

ऑपरेशन तो जागा असतानाच झालं. डोळा बधिर केला होता, पण कानाला आणि नाकाला बधिर कोण करणार? यंत्र माशीसारखं गुणगुणायचं, थांबायचं, पुन्हा गुणगुणायचं. दर खेपेला केस जळल्यासारखा वास यायचा. आपल्या डोळ्यालाच डाग देतायत हे त्याला कळत होतं आणि सर्जन एकच गोष्ट सांगत होते, "हलू नका."

नंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली. एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून मेलेला डोळाही बांधून टाकला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. तीस दिवस उताणं. जेवण चमच्यानं. खोकायचं नाही, हसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही.

"रडायचं पण नाही," नर्स म्हणाली.

मथुरा गिरगावात मावसबहिणीकडे उतरली होती. भेटीच्या वेळेला ती यायची, पेज भरवायची, घरची खबर सांगायची. तो एवढंच विचारायचा, "वारा कुठला सुटलाय?" बाहेर पाऊस लागला होता. पन्हळीतून पडणाऱ्या पाण्यावरून तो वाऱ्याची दिशा ओळखायचा प्रयत्न करायचा, आणि इस्पितळाच्या भिंती त्याला चुकवायच्या.

पट्टीच्या आत अंधार कधीच शांत नसे. हिरवी चक्रं फिरत, ठिणग्या उडत, आणि मग सगळ्यावर काळं पसरे. हा काळोख पट्टीचा की ढगाचा? ढग गेला की पुरता खाली उतरला? हे कळायला काहीच मार्ग नव्हता. पट्टी सोडली आणि तरी असंच राहिलं तर, हा विचार आला की तो खाटेच्या कडा घट्ट धरून ठेवी.

शेजारच्या खाटेवर हरिश्चंद्र नावाचा पोस्टातला कारकून होता. त्याचंही तेच दुखणं, तेच ऑपरेशन, भिकाजीच्या आठ दिवस आधी झालेलं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण दिवसभर बोलणं चाले. हरिश्चंद्र दिवस मोजायचा. "तांडेल, माझे तीन राहिले," तो एका सकाळी म्हणाला. त्याच दुपारी वॉर्डात कुणाच्या तरी हातून पितळी तबक पडलं. ठणाणा आवाज झाला आणि शेजारची खाट करकरली. हरिश्चंद्र दचकून उठून बसला होता.

नर्स धावली, त्याला निजवलं. मग हलकेच त्याचा आवाज आला, "भिकाजी, आत काहीतरी हललं."

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टर तपासायला घेऊन गेले. तो परत आला नाही. संध्याकाळी त्या खाटेवर दुसराच कुणी कण्हत होता. भिकाजीनं नर्सला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही आपलं बघा." उरलेले दिवस तो लाकडासारखा पडून राहिला. झोप लागली तर आपण उठून बसू या भीतीनं त्यानं मथुरेला आपले दोन्ही दंड खाटेला बांधायला लावले.

तिसाव्या दिवशी पट्टी सुटली. आधी नुसतं पांढरं, दुखणारं पांढरं. मग त्यात काहीतरी तांबडं हललं.

"काय दिसतं?" सर्जननी विचारलं.

"तुमच्या गळ्यात तांबडां कायतरी हाय."

"डोळा हलवू नका. डावीकडे वर काय आहे?"

मथुरा खाटेजवळ सरकली.

"खिडकी," भिकाजी म्हणाला. "तिचा वरचा कोपरा तेवढा नाय दिसत."

सर्जननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पडदा बसला होता. कडेला एक काळी पट्टी राहिली होती, ती जन्मभर राहणार होती. मथुरेच्या डोळ्यांना धार लागली. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "रड गो तू. तुला मनाई नाय."

निघताना, डोळा फार फिरू नये म्हणून, मधोमध बारीक भोक असलेला काळा चष्मा मिळाला आणि ताकीदही मिळाली. ओझं नाही, दोर ओढणं नाही, खाली वाकणं नाही. पडदा पुन्हा सुटू शकतो. आज, उद्या, पाच वर्षांनी. या भीतीवर सर्जनजवळ औषध नव्हतं. सकाळी जाग आली की भिकाजी लगेच डोळा उघडत नसे. थोडा वेळ तसाच पडून राही. मथुरा चुलीजवळून त्याच्याकडे बघत असे, आणि त्यानं पापणी उचलून आढ्याकडे पाहिलं की मगच लाकडं पुढे सारत असे.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा दोघं रत्नागिरीला परतली. दिवाळीच्या आधी मचवे पाण्यात लोटले गेले. मालकानं भिकाजीचा मचवा दादूच्या हाती दिला. दादू पहिल्या खेपेआधी घरी आला, पाया पडला, आणि घुटमळत म्हणाला, "भावोजी, मिऱ्याच्या टोकापर्यंत चला. तिथं होडीतून उतरवतो तुमाला."

मथुरेनं नको म्हटलं. मग म्हणाली, "मी पण येत्ये."

त्याला मचव्याच्या मधोमध घोंगडीवर बसवलं. नाळेवर आता केरू उभा होता. परबाण, म्हणजे शिडाचा आडवा वासा, वर चढू लागला, आणि दोराला बळ कमी पडतंय हे भिकाजीच्या कानानं हेरलं. तो अर्धा उठला. हात दोरावर गेलाच.

"भावोजी!" सुकाणावरून दादू ओरडला. "दोराला हात नाय लावायचा. बसा खाली."

आजवर त्या मचव्यावर त्याला कुणी असं बोललं नव्हतं. खलाशी थबकले. भिकाजीनं दोर सोडला, मथुरेच्या शेजारी खाली बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. शीड भरलं. मचवा निघाला.