हात होईपर्यंत

रहमत मास्तर एका जागी उभे राहून कधीच वाजवत नसत. छावणीच्या बाजारात त्यांच्या बँडचं दुकान होतं, जेमतेम चार पावलांचं. क्लॅरोनेटला नवी पत्ती बसवून नुसता सूर तपासायचा असला, तरी ते चार पावलं आत जायचे आणि चार पावलं बाहेर यायचे. भिंतीवर टांगलेले लाल कोट, कोपऱ्यात रचलेली पितळी वाद्यं, या सगळ्यातून अंग चोरत हा पासष्टीच्या घरातला काटकुळा माणूस फेऱ्या मारत राहायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, यांना कुठेतरी जायची घाई आहे. म्हणालो, "तुम्ही जाऊन या, मी थांबतो." त्यांनी वाद्य तोंडातून काढलं आणि मला नीट पाहून घेतलं. "साहेब, हा वरातीचा बाजा हाय. पाय थांबले की दम थांबतो. बसा तुम्ही."

मी गेलो होतो ते जलशासाठी बँड ठरवायला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी कामगार अधिकारी होतो. तिथल्या परदेशी इंजिनियरांना शनिवार-रविवार खायला उठायचे. त्यांच्यातल्या एका हौशी माणसाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, की करमाडच्या शाळेच्या मैदानावर दोन दिवस देशोदेशीचं संगीत ठेवावं. आसपासच्या कारखान्यांनी ती उचलून धरली. कमिटी झाली. कुणाला नाही म्हणता न येणाऱ्या माणसांत मी सगळ्यांत जुना, म्हणून सेक्रेटरी मी. करमाडचे लोक याला 'फॉरेनचा जलसा' म्हणायचे आणि आम्ही ठेवलेल्या भारदस्त नावाकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. पाहुण्यांचं स्वागत करायला गेटवर बँड हवा होता. एवढाच आमचा संबंध.

मास्तरांचे वडील निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. पोलीस ॲक्शन झाली, फौज गेली, बँड गेला. वडिलांनी लग्नाच्या वराती धरल्या. "अब्बा परेडमध्ये वाजवायचे, मग घोड्याच्या म्होरं वाजवायला लागले," मास्तर सांगायचे. "पर चाल तीच ठेवली. पाठ ताठ आन पाऊल एकसारखं. मला लई छड्या बसल्या पायावर. सूर चुकला तर माफी व्हती, पाऊल चुकलं तर नाय." तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. पुढची साठ वर्षं ते चालतच राहिले. या जिल्ह्यातली किती माणसं त्यांनी वाजत-गाजत बोहल्यापर्यंत पोचवली असतील, त्याचा हिशेब त्यांनाही लागला नसता. मी स्वतः त्यांतलाच एक निघालो. लग्नाचा फोटो शोधून पाहिला, तर घोड्यापुढे लाल कोटात तेच.

त्यांचा एक कायदा होता. वरात निघाली की बाजा मध्ये थांबत नाही. दारात पोचल्यावर यजमानाकडचं मोठं माणूस पुढे येतं, हात वर करतं, तेव्हाच वाद्य तोंडातून काढायचं. "मालकाचा हात झाला की बाजा थांबतो. आपल्या मनानं थांबला, तो बाजेवाला नाय." हा कायदा ते कुठवर पाळायचे, याचा किस्सा त्यांच्याच माणसांनी मला सांगितला. एका गावात वरात दारात पोचली आणि अंगठीवरून दोन्ही घरची माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. फेटे सुटले, नवरदेव घोड्यावरच अडकला. हात करायचं कुणालाच सुचेना. मास्तर दारातल्या दारात फेऱ्या मारत तासभर वाजवत राहिले. शेवटी नवरीच्या आत्याने बाहेर येऊन दोन्ही हात वर केले. त्यानंतर बाजा थांबला आणि, गंमत म्हणजे, भांडणही थांबलं. मी हसून बेजार झालो. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "हसायचं काय त्यात? हात झाला नव्हता."

पहिल्या वर्षी त्यांनी गेटवर झकास वाजवलं. आमच्या कमिटीचा नियम असा, की स्वागत झालं की बँडवाल्यांनी मंडपाच्या मागे जाऊन जेवायचं आणि परत जायचं. मी पत्रावळी मोजायला मागे गेलो, तर सगळे जेवत होते आणि मास्तर मंडपाच्या कापडाला कान लावून उभे. आत पूर्व युरोपातला कुणी क्लॅरोनेटवाला वाजवत होता. देशाचं नाव मी तेव्हाही दोनदा विचारलं होतं आणि दोनदा विसरलो. मास्तर म्हणाले, "साहेब, हे वरातीचं हाय. हा माणूस चालतोय." मी म्हटलं, "अहो, तो खुर्चीत बसलाय." ते म्हणाले, "बसला असल. पर चालतोय." थोड्या वेळाने निवेदकाने सांगितलं, की हे त्या देशातल्या खेड्यांत लग्नाच्या मिरवणुकीत वाजवलं जातं.

मास्तरांनी कापडाची फट जरा रुंद करून आत पाहिलं. व्यासपीठावर गालिचा होता, वाजवणाऱ्याच्या शेजारी पाण्याची बाटली होती, पुढे दोन हजार माणसं गप्प बसली होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मग अजिबात न चिडता म्हणाले, "त्यांचा बाजेवाला स्टेजवर. आपला गेटवर. व्हय ना साहेब?" मी पत्रावळींकडे वळलो.

तिथून पुढे दर वर्षी त्यांचं एकच मागणं. "एक डाव वर बसू द्या. बिदागी नक्को. फकस्त बसू द्या." मी दर वर्षी कमिटीत विषय काढायचो आणि दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, की लग्नातला बँड व्यासपीठावर बसवला तर गाव हसेल. मी फार ताणून धरत नसे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. बल्गेरियाच्या की रुमानियाच्या वरातीला मान डोलावताना मला कसलाच संकोच होत नव्हता, छावणीच्या वरातीचा मात्र होत होता.

चौथ्या वर्षी, जलशाच्या आठवडाभर आधी, रविवार दुपारचा एक चमू आजारी पडला आणि कार्यक्रमात भोक पडलं. भोक बुजवायला मी मास्तरांचं नाव सुचवलं, आणि त्यांना मात्र असं सांगितलं, की मी तुमच्यासाठी कमिटीशी भांडलो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला त्या क्षणी स्वतःचा मोठा अभिमान वाटला, हेही लिहून टाकतो.

दोन दिवसांनी त्यांचा मुलगा जावेद मला उस्मानपुऱ्यात घरी येऊन भेटला. तो मोटारींच्या गॅरेजात कामाला होता. अंगावरचे तेलाचे कपडे पाहून तो सोफ्यावर बसेना. उभ्यानेच म्हणाला, "साहेब, अब्बांची फेफडी खराब झाली हायत. डॉक्टरनी फुंकायला साफ मना केलंय. गेटवर पण यंदा ते नुसते म्होरं चालणार व्हते, वाजवणार दुसरे. आता ऐकत नायत. तुम्ही शब्द दिलाय म्हणतात." मी कार्यक्रम रद्द करू का विचारलं. तो म्हणाला, "नक्को. तीन वर्षं झाली, घरात दुसरी बातच नाय. पर धा मिनिटांच्या वर वाजवू देऊ नका. ते आपल्या मनानं थांबणार नायत, तुम्हाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. मी मास्तरांना भेटून सांगितलं, "मी पहिल्या रांगेत मधोमध बसतो. दहा मिनिटं झाली की हात करतो." ते खूश झाले. "मग फिकिर नाय. मालक तुम्ही."

रविवारी चार वाजता ते व्यासपीठावर चढले. लाल कोट नव्हता. स्वतःच्या लग्नातली काळी शेरवानी घातली होती, ती आता खांद्यावरून ओघळत होती. मागे दोन ढोलवाले. खुर्ची ठेवली होती, तिच्यावर ते मिनिटभर बसले, हातावर हात ठेवून, जणू फोटो काढून घ्यायचाय. मग उठले आणि वाजवायला लागले आणि अर्थातच चालायला लागले. व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाठ ताठ, पाऊल एकसारखं. ऊन मंडपात उतरलं होतं, माणसं अर्धीच होती, तीही शेंगा फोडत बसलेली. दोन-तीन मिनिटांत शेंगांचा आवाज थांबला. मी जन्मभर ज्याला रस्त्यावरचा गोंगाट समजत आलो, ते काय होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझे डोळे भरून आले होते.

सहाव्या मिनिटाला एक कार्यकर्ता वाकून कानात म्हणाला, "बडे साहेब लवकर आले, गाडी गेटवर आहे." बडे साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे सर्वांत वरचे अधिकारी, परदेशाहून खास आलेले. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं हातात होती. गेलो.

गेटवर हार सापडेना. मग सापडला. मग फोटो झाला, मग त्यांना चहा हवा होता, मग त्यांनी विचारलं की हे मैदान किती एकराचं. मी उत्तरं देत होतो आणि पाठीमागून मला क्लॅरोनेट ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सगळा वेळ येत होतं. छान रंगलंय, एवढंच मनात आलं. मास्तरांचे श्वास आखडत चाललेत, हे मला तिथून कळायला हवं होतं. बड्या साहेबांपुढे हात जोडून मागे निघणं माझ्याच्याने झालं नाही.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. वीस मिनिटं झाली तेव्हा निवेदकाने ध्वनियंत्रणेवाल्याला खूण केली आणि माइक बंद केला. रस्त्यावर वाजवणाऱ्या माणसाला माइकचं काय. ते वाजवतच राहिले. ढोलवाले त्यांच्याकडे बघत होते, आणि ते एकेका फेरीला पहिल्या रांगेत मधोमध बघत होते. लोक आधी गालात हसले, मग थांबा म्हणून ठेक्यात टाळ्या पिटायला लागले. शेवटी निवेदकाने जाऊन त्यांचं कोपर धरलं. मी धावत पोचलो तेव्हा ते व्यासपीठाच्या पायऱ्यांवर बसले होते आणि खोकत होते. रुमाल तोंडाशी होता. रुमालावर रक्त होतं.

सरकारी दवाखान्यात मी चौथ्या दिवशी गेलो. आधीचे तीन दिवस मी जलशाच्या आवराआवरीत गुंतलो होतो, असं मी घरी सांगत होतो. मास्तर उशांना टेकून बसले होते, नाकात नळी. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं. खांद्याला धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकेक शब्द तोडून त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही हात केला असल ना? मला दिसला नाय. वरच्या बत्त्या डोळ्यात येत व्हत्या."

मला खरं सांगता आलं असतं. वॉर्डात तेव्हा आमच्या दोघांशिवाय शेजारचा एक झोपलेला पेशंट होता. वाक्य छोटंच होतं, मी तिथे नव्हतो, एवढंच. मी म्हणालो, "केला होता मास्तर. दोनदा केला."

त्यांनी मान हलवली. "मंग माझीच चूक. साठ वर्षांत पयल्यांदा मालकाचा हात चुकला. कमिटीवाले बोलत व्हते ते बरोबर व्हतं साहेब. स्टेज आपल्यासाठी नाय." मग डोळे मिटून घेतले. मी स्टुलावर आणखी थोडा वेळ बसलो आणि भेटीची वेळ संपायच्या आधीच निघालो. परत गेलो नाही.

अडीच आठवड्यांनी ते गेले. छावणीच्या कब्रस्तानात मी मागे उभा होतो. बँडची सगळी माणसं होती, साध्या कपड्यांत, त्यामुळे मला कुणाचीच ओळख पटेना. त्यांच्यातला एक ढोलवाला जवळ आला आणि म्हणाला, की मास्तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते, साहेबांनी दोनदा हात केला, माझ्याच डोळ्यांनी दगा दिला. माती दिल्यावर जावेद माणसांतून वाट काढत माझ्याकडे आला. त्याच्या हातांना ओली माती होती. मला वाटलं, याला कळलंय, आता हा विचारणार. मनातून मला ते हवंही होतं.

त्याने मातीचे हात तसेच जोडले. "साहेब, अब्बांच्या पायी तुम्हाला एवढ्या लोकांत मान खाली घालावी लागली. जाताना त्यांनी मला बजावलं व्हतं, तुमची माफी मागायला. माफ केलं म्हणा, म्हणजे मी मोकळा झालो."

"केलं," मी म्हणालो.