दाजींचं पडणं

दाजींइतकं देखणं पडणारा माणूस मी पाहिलेला नाही. पडणं म्हणजे व्हिडिओ गेममधलं, तेही कुस्तीच्या गेममधलं. ही आपली लाल मातीतली कुस्ती नव्हे. दोरांचं रिंगण, चमकत्या चड्ड्या, वाजतगाजत येणारे पैलवान आणि डोक्यात घातलेल्या खुर्च्या, अशी ती कुस्ती. एखादा साधा गुद्दा बसला तरी दाजींचा पैलवान आधी दोरांवर रेलायचा, मग एका गुडघ्यावर यायचा, आता उठतोय की काय असं वाटायला लावायचा आणि मगच आडवा व्हायचा. पंचानं दोनदा हात आपटला की खांदा उचलायचा. असं चारदा झाल्यावर दाजी हरायचे, तेव्हा जिंकणाऱ्याला आपण फार मोठं काहीतरी केलं असं वाटायचं. त्यांना हरवायला कुठले कुठले लोक ऑनलाइन पुन्हा पुन्हा यायचे. मी मात्र भराभर जिंकायचो आणि माझ्याशी दुसरा डाव खेळायला कुणी थांबायचं नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी दाजींवर जळायचो. हे लिहिताना ते थांबलंय असंही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. घाटनांदूरला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. आम्ही पाटोद्याचे. ताई आणि मी एका जुन्या गेमच्या मशीनवर वाढलो म्हटलं तरी चालेल, आणि आमचा आवडता प्रकार म्हणजे जोडीची कुस्ती. दोघांविरुद्ध दोघं, एकजण आत, दुसरा दोराबाहेर. हाताला हात लावला की बदली. आमचा एक खास डाव होता, त्याला आम्ही ‘पोतं’ म्हणायचो. मी समोरच्याला पोत्यासारखं खांद्यावर घ्यायचं आणि ताईनं कोपऱ्यातल्या खांबावरून त्याच्यावर उडी टाकायची. हा डाव जमायला दोघांची बटणं एकाच क्षणी दाबली जावी लागत. आम्ही एकमेकांकडे न बघता दाबायचो. जगात असा डाव फक्त आम्हा दोघांना येतो अशी माझी खात्री होती.

मग ताईचं लग्न ठरलं. रुखवतात लाडू, करंज्या, लोकरीचे ससे, स्टीलची उतरंड असं सगळं मांडलं होतं, आणि त्या सशांच्या मधोमध ताईनं कुणाला न विचारता आपला रिमोट ठेवून दिला. घाटनांदूरच्या बाया तो हातात घेऊन उलटसुलट करत होत्या. एकीला ते केस वाळवायचं यंत्र वाटलं. दाजींनी रुखवतातलं दुसरं काहीच पाहिलं नाही. पुढे त्या एका रिमोटसाठी त्यांनी आख्खं मशीन विकत घेतलं. सगळे कौतुक करत होते. मला वाटत होतं, रिमोट नेला तेवढा पुरे नव्हता काय.

ताई सासरी गेल्यावर आम्ही भेटायचो ते ऑनलाइनच. त्या गेममध्ये आपली खोली उघडता येते. जो उघडतो तो यजमान. तो ज्याला बोलावेल तो येतो, आणि माइक लावला की एकमेकांचा आवाज ऐकू येतो. दाजींनी आपल्या खोलीला ‘बैठक’ असं नाव दिलं होतं. दुकान बंद केलं की ती उघडायची. कुणीही आत आला, पाटोद्याचा असो की परदेशातला, की दाजी म्हणायचे, “या पाव्हणं, बसा.” पोलंडचा एक गडी नेमानं यायचा. त्याला दाजींचं काही कळत नव्हतं आणि दाजींना त्याचं. पण महिनाभरात तोही आत आला की आपल्या घोगऱ्या आवाजात “या, बसा” म्हणू लागला.

दाजींच्या आईंना हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकू जायचं. पाव्हणं आले म्हणून त्या खरोखरच चहाचं आधण वाढवायच्या. बाहेर येऊन बघतात तर पाहुणा कुठेच नाही, फक्त मुलगा आणि सून टीव्हीसमोर. त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न ताईनं केला, पण दाजींना तो पटला नाही. पाव्हणं आलेत हे खरंच आहे, असं त्यांचं म्हणणं. तो जास्तीचा चहा ते स्वतः प्यायचे आणि माइकमध्ये पोलंडला सांगायचे, “तुमचा बी मीच घेतलाय बरं का.”

मला हे पाव्हणं प्रकरण सुरुवातीपासून झोंबलं. आपल्याकडं सोयऱ्याला पाव्हणं म्हणतात, त्यात गैर काही नाही. पण माझ्या ताईशी खेळायला मी यायचं आणि दारात कुणीतरी मला ‘या, बसा’ म्हणायचं? बैठकीत जागा चार. एका बाजूला ताई आणि दाजी, दुसऱ्या बाजूला मी आणि जो कुणी येईल तो. कधी पोलंड, कधी कुणी अनोळखी, आणि कुणीच आलं नाही तर मशीननं चालवलेला ठोंब्या. ताईचा पैलवान दोराबाहेर उभा राहून दाजींच्या हाताची वाट बघायचा. ताईचा तो पुढे केलेला हात मला समोरून दिसायचा. पूर्वी तो माझ्यासाठी पुढे असायचा.

माझे वडील जत्रेतल्या कुस्तीच्या फडांत वाढलेले. त्यांना हा गेम म्हणजे शुद्ध नुरा कुस्ती वाटायची, आधी ठरवून केलेली. दाजी एकदा पाटोद्याला आले असताना वडिलांनी तोंडावरच विचारलं की जावईबापू, तुमी पडता कावून? माझ्या मनातला प्रश्न वडिलांनी विचारल्यामुळे मी मनातल्या मनात खूश झालो. दाजींनी पान लावता लावता शांतपणे सांगितलं, “मामा, एकट्यानं कुनाला उचलता येत न्हाई. जो उचलला जातो, त्यानं बी जराशी उडी घ्यावी लागती.” गेममध्ये समोरच्याचा डाव उलटवायचं एक बटण असतं. दाजींचं बोट त्या बटणावर असायचं आणि ते दाबायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. वडील पुढे कितीतरी दिवस जावयाचं हे वाक्य ज्याला त्याला ऐकवत होते. माझं एकही वाक्य त्यांनी कधी कुणाला ऐकवलेलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी ते घडलं. मी आणि पोलंड एका बाजूला. दाजींनी माझ्या पैलवानाला खांद्यावर घेतलं. ताई खांबावर चढली. मला वाटलं ती चुकून चढली. पण तिनं उडी टाकली ती बरोबर माझ्यावर. पोतं! आमचं पोतं ताईनं त्यांना शिकवलं होतं, आणि पोत्याच्या जागी मी होतो. माइकमधून ताईचं हसू ऐकू आलं. लहानपणी तो डाव जमल्यावर हसायची तसंच.

मी सरळ इंटरनेटचं यंत्र बंद केलं. असं मधेच निघून गेलेल्याला गेम हरलेला धरतो आणि बैठकीतल्या सगळ्यांना कळतं की गडी पळाला. थोड्या वेळानं राहवेना म्हणून पुन्हा आत गेलो, तर आत दाजी ताईला आणि पोलंडला सांगत होते की पाटोद्याला लाईट गेली असंल, तिकडं लई जाती. मी आल्याचं दिसताच म्हणाले, “आली का लाईट? या पाव्हणं, बसा.” लाईट गेली नव्हती हे ताईला पक्कं ठाऊक होतं, तिनंही ‘हो ना’ म्हटलं. दाजींनी माझी अब्रू राखली म्हणून मला त्यांचा आणखीच राग आला. पुढच्या डावात मी त्यांना घंटा वाजल्यानंतरही खुर्चीनं बडवत राहिलो. ते प्रत्येक फटक्याला नीट, वेगवेगळे पडले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दाजी पोलंडकडून मुद्दाम हरतात, अनोळखी पोरांकडून मुद्दाम हरतात, हे मला स्पष्ट कळायचं. माझ्याकडून मात्र ते खरोखर हरतात अशी माझी समजूत होती. माझ्या मनाला तेवढाच आधार होता. ताई तिकडं गेली असली तरी दाजी मला भारी नाहीत, एवढं धरून मी दर संध्याकाळी बैठकीत जात होतो.

असल्या गेमचं आयुष्य थोडं असतं. नवा गेम आला की कंपनी जुन्याची ऑनलाइनची सोय काही काळानं बंद करते. आमच्याही गेममध्ये एक दिवस सूचना झळकली. सूचनेतल्या तारखेनंतर बैठक उघडणार नव्हती. शेवटच्या संध्याकाळी दाजींनी दुकान लवकर बंद केलं. सगळे जमल्यावर त्यांनी यजमान म्हणून जागा लावल्या, आणि पडद्यावर बघतो तर माझ्या शेजारी ताई. समोर दाजी आणि पोलंड. मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, “आज भाऊ-बहीन एकीकडं. आमी पाव्हणं.”

इतके दिवस जे हवं होतं ते असं हातात आलं. मी जीव तोडून खेळलो. ताईचा हात पुढे आला की धावत जाऊन लावला. शेवटाला मी दाजींच्या पैलवानाला खांद्यावर घेतलं आणि ताई खांबावर चढली. मी बटण दाबलं. ताईनं दाबलं नाही. एक श्वास थांबून तिनं दाबलं. तोपर्यंत माझा डाव सुटला होता, दाजी माझ्या खांद्यावरून उतरून मोकळे झाले होते आणि ताईनं रिकाम्या जागेत उडी टाकली होती. तिला आता तिच्या बटणाची वाट बघणाऱ्या माणसाची सवय झाली होती. आमचं पोतं आम्हालाच येत नव्हतं.

तेवढ्यात दाजींचा पैलवान दोन पावलं मागं आला आणि ताई जिथं पडणार होती तिथं, बरोबर तिच्याखाली, येऊन उभा राहिला. ती त्याच्यावर कोसळली. तो असा काही आडवा झाला की आम्ही ठरवूनच केलं असं वाटावं. पंचानं तीनदा हात आपटला. पोलंड ओरडला, ताई हसली, आणि माझ्या लक्षात आलं की ज्याला इतक्या वेगानं माझ्या हातून सुटून उडीखाली येऊन उभं राहता येतं, त्याला मी आजवर एकदाही हरवलेलं नव्हतं. पोतंसुद्धा त्यांनीच आम्हाला परत दिलं होतं. मी त्यांच्यावर इतका कधीच जळलो नव्हतो, आणि त्याच वेळी मनात आलं की मी एकदाही त्यांच्या बाजूनं खेळलो नाही. ते सांगायला मी माइक चालू केला, तर पडद्यावर बैठक बंद झाल्याची पाटी आली होती.

नवा गेम दाजींनी घेतला नाही. मी दोनतीनदा म्हणून पाहिलं. ती बैठक उठली, म्हणाले, आणि विषय मिटवला. आता घाटनांदूरला गेलो की आम्ही खरोखरच्या सतरंजीवर बसतो, त्यांच्या आई चहा देतात, दाजी भांड्यांवर नावं घालायचं घरघरणारं यंत्र पुसत बसतात. बोलायला फारसं काही नसतं. पोलंड कसा असंल, असं ते एकदा म्हणाले.

गेल्या वर्षी माझं लग्न झालं. बायको आष्टीची. तिचा धाकटा भाऊ कॉलेजात आहे, बहिणीवर जीव टाकतो आणि मला धड बघत नाही. त्यांच्या घरी त्यांचा काय खेळ होता आणि मी त्यातलं काय उचलून आणलं, मला माहीत नाही. त्याच्याकडं तो नवा गेम आहे असं कळलं म्हणून मीही घेतला, खोली उघडली, त्याला बोलावलं. तो आत आला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “या पाव्हणं, बसा.” त्यानं उत्तरादाखल सरळ डाव सुरू केला. तो राग माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

त्यानं मला यथेच्छ धुतलं. घंटा झाल्यावरही खुर्ची टाकली नाही. बायको मागून म्हणाली, अहो उठा की, नुसते मार काय खाताय. मी म्हटलं, मारू दे त्याला. मी दोरांवर रेललो, गुडघ्यावर आलो, उठतोय असं दाखवलं आणि पडलो. मला वाटलं, बरं जमलं. तेवढ्यात माइकमधून मेव्हण्याचा आवाज आला, “दाजी, तुमी मुद्दाम पडताय ना?”

घाटनांदूरच्या दाजींना हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. मला त्यांनी शंकाच येऊ दिली नव्हती.