सुनेला हरवायचं नाही

लग्न होऊन मी साताऱ्याहून बऱ्हाणपूरला आले, तेव्हा नवरा नोकरीपायी आठवडाभर खंडव्याला असायचा. घरात सासू, सासरे आणि सुट्टीला आलेली नणंद. संध्याकाळी आमच्याकडे बोलायला काही नसे. शेवटी नणंदेनं तिच्या इंदूरच्या होस्टेलवरून आणलेला पत्त्यांचा डबा उघडला. राजा-राणी नाही, एक्का नाही. ड्रॅगन, जादूगार, तीन डोक्यांचे बैल. आपापले राक्षस मांडायचे आणि समोरच्याचे मारायचे, एवढं मला कळलं.

पहिल्याच डावात तिनं एक पत्ता पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जाल, वहिनी."

मला वाटलं, माहेरी कधी जाणार ते विचारतेय. मी म्हटलं, दिवाळीला. नणंद लोळायची बाकी राहिली. तिच्या हिंदीत जाल म्हणजे सापळा. मीही हसले, पण मनाला लागलं. इथं काही दिवस राहून परत जाणारी बाई, असंच मला सगळे वागवत होते आणि मला ते नको होतं.

मग सासरे खेळात आले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, त्यांना नियमाशिवाय करमत नसे. मेलेल्या पत्त्यांच्या ढिगाला नणंद स्मशान म्हणायची. ऐन दिवेलागणीला घरात हा शब्द नको, असं सासूबाईंनी बजावलं, तेव्हा सासऱ्यांनी तोडगा काढला. राक्षस मरत नाही, त्याची आडबाजूच्या खकनार तहसिलीला बदली होते. ते स्वतः खकनारला कंटाळून आलेले होते. मेलेल्याला परत आणणाऱ्या पत्त्याला ते 'बदली रद्द' म्हणत आणि सही कोणाची, हे विचारल्याशिवाय मान्य करत नसत. मोठा राक्षस आणायला दोन लहान बळी द्यावे लागत. तेही बळी नव्हेत, स्वेच्छानिवृत्ती.

सासूबाई खेळत नसत. शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलेलं, म्हणून शेजारी वाती वळत बसायच्या आणि कोणाचे किती गुण उरले ते तोंडी सांगायच्या.

मी रोज जिंकायचे. साताऱ्याला फोन करून आईला सांगितलं, की मला यात गती आहे. पण एकदा सासऱ्यांनी आपला बेडूक माझ्या सगळ्यात दांडग्या राक्षसावर सोडला. बेडूक अर्थातच खकनारला गेला. त्यांनी दुसरा बेडूक सोडला. मग त्यांच्या हातात ड्रॅगनच उरला, आणि ड्रॅगन घेऊन माझ्याशी हरणं कोणालाही शक्य नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि बातम्यांची वेळ झाली म्हणून डाव सोडून दिला. टीव्ही कालपासून बंद होता.

मी नणंदेला खोलीत गाठलं. तिनं कबूल केलं. नवी सून पहिल्या वर्षात हरून उठली तर घरची लक्ष्मी रुसते, असा बाबांचा समज. म्हणून दोघंही हरत होती. "और वहिनी, तुमच्याशी हरणं सोपं नाही," ती म्हणाली. "तुमी इतकं वाईट खेळता, की हमको बहुत मेहनत लगती है."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हरायचं ठरवलं. सासऱ्यांनी दुबळे राक्षस पुढे केले, मी त्याहून दुबळे. दोघंही आपापल्या ड्रॅगनवर हात ठेवून बसलो होतो आणि कोणी कोणाला मारेना. निंबोल्याहून आलेली केळी खाऊन संपली, तरी डाव तिथंच. गुण सांगायला काही उरलं नाही, तशा सासूबाई वैतागल्या. त्यांनी वातींचं तबक बाजूला ठेवलं, सासऱ्यांना उठवलं आणि त्यांचे पत्ते हातात घेतले.

पुढचं फार भराभर झालं. ड्रॅगन आला, मागोमाग सापळा उलटला, माझे सगळे राक्षस एका झटक्यात गेले. सासरे देवघराकडे बघत पुटपुटले, की अहो, सून आहे ती.

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "तिले हरू द्या. पाहुणी आहे का ती?"

मला रडू आलं. आणि रडता रडता हरल्याचा असा संताप आला, की मी पत्ते गोळा करून पुन्हा पिसले. त्यांनी मला पुन्हा हरवलं, पहिल्याहून लवकर. मग माझ्या हातातले उरलेले पत्ते काढून घेतले, एकेक बघितले आणि मान हलवली.

"तुले काहीच येत नाही," त्या म्हणाल्या. "सरक इकडे, शिकवतो."

त्या घरात तोवर माझ्याशी इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.