तीन यंत्रं, एक पोर्ट आणि बिभीषणतात्यांचं नाव

माझ्या चुलत्यांचं नाव बिभीषण. हे आधीच सांगते, कारण माजलगावच्या त्या बंगल्यात आठ दिवस राबूनही ते कुणाला माहीत नव्हतं. तिथं ते नुसते 'मिस्तरी' होते. "मिस्तरी, चहा घे." "मिस्तरी, चपला बाहेर."

तात्या शिरूर कासारला पंखे, मिक्सर, अॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. घर मेंढपाळांचं. दहावीपर्यंत शाळा झाली, पुढचं सगळं जळालेल्या बोर्डांनी शिकवलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि अजूनही अडलं की त्यांनाच विचारते.

बंगला सुंदररावांचा. ऊस, राजकारण, दारात चार गाड्या. त्यांनी घरात थिएटर करून घेतलं. पुण्याच्या एका कंपनीनं प्रोजेक्टर, अॅम्प्लिफायर आणि मोटारीवर उतरणारा पडदा बसवला. तिन्ही एका बटणावर चालायला हवे होते. पण त्यांना चालवणाऱ्या कंट्रोलरला सिरियल पोर्ट एकच. यंत्राला हुकूम जातो आणि त्याचं उत्तर येतं ते हे दार. दार एक, यंत्रं तीन. सामान मागवताना कंपनीच्या जीवन सरांनी हे मोजलंच नव्हतं. नवा कंट्रोलर यायला दोन महिने, आणि सुंदररावांनी तर पाहुण्यांना तारीख देऊन टाकलेली.

म्हणून तात्यांना बोलावणं गेलं. जीवन सर म्हणाले, "जमवा. काम झालं की तुमच्या नावाचा कागद देतो." तात्यांना तेवढंच हवं होतं. मराठवाड्यातली कामं कंपनी ज्या कारागिरांना देते त्यांची एक यादी असते. तिच्यात यायला आपलं नाव असलेले पूर्ण कामाचे तीन कागद लागतात. दोन होते. तिसरा मिळाला की ते कारागीर, न मिळाला की मिस्तरी.

त्यांनी काय केलं ते मला वहीत काढून दाखवलं. कंट्रोलरची बोलायची वायर त्यांनी तिन्ही यंत्रांना जोडली. उत्तराच्या तीन वायरींत एकेक डायोड घातला, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्या यंत्रात शिरत नाही, सरळ कंट्रोलरकडेच जातं. तिघांचा बोलायचा वेग सारखा केला. मी विचारलं, "पण हुकूम तिघांनाही ऐकू जाणार ना?"

"जाऊ दे की," तात्या म्हणाले. "आपल्या हौदावर काय होतं? चार कळप उभे. हाळी सगळ्याच मेंढरांच्या कानावर पडती, पर ज्याची त्याचीच हालतात. फकस्त एक कळप पिऊन बाजूला झाल्याबिगर दुसऱ्यानं हाळी द्यायची न्हाई."

म्हणून प्रोग्रॅममध्येही त्यांनी तसंच घातलं होतं. एकाला विचारायचं, त्याचं उत्तर पुरतं येईपर्यंत थांबायचं, मग पुढच्याला. कुठलं यंत्र किती वेळ घेतं ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं. आठव्या दिवशी बटण दाबलं आणि पडदा उतरला, उजेड पडला, आवाज आला. सुंदररावांनी जीवन सरांची पाठ थोपटली. माझ्या काकांसमोर! आणि त्या माणसानं ती थोपटून घेतली. कामाच्या कागदावर नावही स्वतःचंच घातलं. "तुमचा पुण्याहून पाठवतो," म्हणाला.

तो काही आला नाही. आला तो फोन.

"काय बे मिस्तरी, काय करून ठिवलंस?" सुंदरराव ओरडत होते. "पाहुणे परवा यायलेत अन् ते अॅम्प्लिफायर चालू-बंद, चालू-बंद व्हायलंय!"

तात्या गेले. जीवन सरही पुण्याहून येऊन बसलेले. सुंदररावांनी कंपनीचा तक्रारीचा कागद पुढ्यात टाकला. त्यावर लिहिलं होतं: स्थानिक मिस्तरीने केलेल्या छेडछाडीमुळे बिघाड. म्हणजे श्रेयाच्या कागदावर तात्या नाहीतच, आणि दोषाच्या कागदावर हजर, तेही नावाशिवाय.

तात्या जीवन सरांना म्हणाले, "प्रोग्रॅम दाखवा." बघितला. "सर, हितली थांबायची ओळ कुटं गेली?"

"बटण दाबल्यावर सहा सेकंद लागत होते. बरं दिसत नव्हतं. मी काढली."

तिन्ही यंत्रं एकदम बोलायला लागली होती. उत्तरं एकमेकांत मिसळायची, कंट्रोलरला काही कळायचं नाही, म्हणून तो चालू-बंदचा तोच हुकूम पुन्हा पुन्हा द्यायचा.

"मग घाल की परत," सुंदरराव म्हणाले. "मिस्तरी, बस तितं."

"न्हाई मालक. हौदावर कळप मिसळले तर ज्यानं घाई केली त्यानंच निवडायचे. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

"मेंढरं हायेत का बे ही?"

"मेंढरं बरी. ती दुसऱ्याचं नाव खराब करत न्हाईत."

जीवन सर तासभर झटले. एक ओळ घातली, दोन घातल्या. पण कुणासाठी किती थांबायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पडदा अर्ध्यात अडकला. शेवटी घाम पुसत त्यांनी कोरा फॉर्म काढला आणि लिहिलं: काम स्थानिक मिस्तरीच्या मदतीने पूर्ण.

तात्यांनी वाचून तो परत सरकवला. "मदत कुणी कुणाला केली?"

मग सुंदरराव म्हणाले, "लिही रे बाबा त्याच्या मनासारखं. पाहुणे परवाच यायलेत." न्याय म्हणून नाही, पाहुण्यांसाठी. आमच्या वाट्याला न्यायही असा कुणाच्या तरी पंगतीतून उरलेलाच येतो.

जीवन सरांनी दुसरा फॉर्म घेतला. पेन टेकवलं आणि थांबले.

"पूर्ण नाव काय तुमचं?"

तात्यांनी सावकाश सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव. 'जोडणी' आणि 'प्रोग्रॅम' या दोन्ही रकान्यांत ते लिहून घेतलं. तक्रारीतलं छेडछाडीचं वाक्य खोडायला लावलं. जीवन सर लॅपटॉप पुढे करायला लागले.

"आधी सही," तात्या म्हणाले.