अर्धा सूर वर

"उतरलं हाये," तो म्हणायचा आणि उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून मान तिरकी करायचा. समोर काय वाजतंय याला महत्त्व नसे. वरातीचा बँड असो, शाळेची घंटा असो, देवळाचा भोंगा असो, जगातली प्रत्येक वस्तू अर्ध्या सुरानं उतरलेली आहे असं त्याचं ठाम मत होतं. चहा पातळ झाला की चहा उतरलेला. मी नवा शर्ट घालून गेलो की, "मास्तर, रंग उतरला हाये." दुसऱ्याचं सगळं उतरलेलं आणि आपलं तेवढं चढलेलं, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्याकडच्या माणसाच्या हातात गिटार होती, एवढाच फरक.

यवतमाळजवळ लोहारा गावात, एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या मोटरी खाली पडलेल्या आणि त्यांच्या वर, तेलकट हात पोचणार नाही अशा उंचीवर, खिळ्याला गिटार. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि त्याच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो. आम्ही लग्नांत, गणपतीत, नवरात्रात हिंदी गाणी वाजवत असू, कारण लोक त्याचेच पैसे देत. पण कार्यक्रमाच्या मध्यावर एक इंग्रजी रॉकचं गाणं ठरलेलं असे. गायक तेवढा वेळ पाणी प्यायला खाली उतरायचा आणि हा एकटा पुढे यायचा. तेवढ्या पाच मिनिटांसाठी तो वर्षभर मोटरी गुंडाळायचा, असं मला वाटतं.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्या जुन्या विलायती वादकांच्या मुलाखती मी मासिकांतून वाचून त्याला सांगायचो. कोणी कोणाला चोर म्हटलं, कोण कोणाबरोबर पुन्हा स्टेजवर चढणार नाही म्हणाला, हे तो मोटर बाजूला ठेवून ऐकायचा. "भांडण पायजे, मास्तर," तो म्हणायचा. "भांडण नाई तं वाजवण्यात काय मजा हाये?"

त्याचं भांडण राठोडशी होतं.

राठोड महागावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. यवतमाळात फोटो स्टुडिओ चालवायचा. बोलणं कमी, हसणं जास्त. सुरुवातीला ते दोघं एकाच बँडमध्ये होते, आमच्याच. तेव्हा गाणं शिकायचं म्हणजे रेकॉर्डिंगच्या दुकानात कोरी कॅसेट द्यायची आणि भरून आणायची. यानं आपली सगळी इंग्रजी गाणी तशीच भरून आणली आणि ऐकून ऐकून बसवली. राठोडनं मात्र नागपूरहून कंपनीची छापील कॅसेट विकत आणली. एका नवरात्रात दोघं प्रथमच ते गाणं स्टेजवर एकत्र वाजवायला उभे राहिले, तर राठोडची गिटार बरोबर अर्धा सूर खाली.

"तुहा टेप हळू चालते. सेल उतरले असतीन," हा म्हणाला.

"सेल नवे हायेत. तुह्या दुकानदाराची मोटर जोरात पळत असन," राठोड हसत म्हणाला.

दोघंही आपली गिटार दुसऱ्याच्या सुराला लावून घेईनात. देवीसमोर, हजार माणसांपुढे, त्यांनी तेच गाणं दोन सुरांत एकाच वेळी वाजवलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी मंडळाच्या अध्यक्षानं साउंडवाल्याला हात करून आवाज बंद करायला लावला. पुढच्या वर्षी एका चौकात आम्ही आणि त्याच्या पुढच्या चौकात राठोडचा नवा बँड.

तुम्ही यवतमाळची नवरात्र पाहिली असेल तर ठाऊक असेल, लोक देव्या पाहत चौकाचौकांतून फिरतात. आमच्याकडून निघाले की राठोडकडे जात. म्हणून इंग्रजी गाणं झालं की हा माइक हातात घ्यायचा आणि राठोडवर एक टोमणा मारायचा. "समोर जाऊन राह्यले ना? जा, पण कानात कापूस घाला. तिकडं उतरलेलं हाये." लोक हसायचे. पुढे पुढे तर काही जण गाण्यापेक्षा त्या टोमण्यासाठीच थांबू लागले. एका वर्षी मात्र तो म्हणाला, "तांड्यावरच्या माणसाले इंग्रजी गाणं काय समजते?" तेव्हाही लोक हसले. माझ्या हातातल्या काठ्या जड झाल्या. तोवर राठोड कधीमधी दुकानावर चहाला यायचा, त्यानंतर आला नाही.

अर्धा सूर वर चढवलेल्या तारांवर ताण फार येतो. त्याच्या तारा सारख्या तुटायच्या. तो त्याचाही अभिमान बाळगायचा. "तार तुटते तं समजा हात खरा हाये. राठोडची तार कधी तुटली काय?" कीबोर्डवाल्याला बटण दाबून सूर वर चढवावा लागे, गायकाचा गळा बसे. आम्ही सगळे त्याच्या कानाच्या मागे फरफटत गेलो, कारण त्या कानाबद्दल त्याला जेवढी खात्री होती तेवढी आम्हाला कशाचीच नव्हती.

मग घरोघरी मोबाइल आले, जुनी गाणी फुकटात दिसू लागली. एका दुपारी मी दुकानात बसून त्याला एक मुलाखत दाखवली. ज्या दोन वादकांची भांडणं त्याला सर्वांत आवडायची, त्यांतला एक आता पांढऱ्या केसांचा झाला होता आणि खुर्चीत बसून दुसऱ्याबद्दल बोलत होता.

"काय म्हणून राह्यला तो?"

"म्हणते, तो माह्याहून चांगला वाजवत होता. मले तवाच माहीत होतं."

"म्हातारपणी सगळेच उतरतात," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तवाच माहीत होतं, तं तवा काहून नाई बोलला?"

मुलाखत संपली आणि ते दोघं म्हातारे आपलं गाणं वाजवू लागले. यानं हात पुसले, गिटार काढली आणि सोबत वाजवायला गेला. जमेना. अर्ध्या सुराचा फरक. "म्हातारे झाले म्हणून खाली वाजवत असतीन. जुनं लाव," तो म्हणाला. मी त्यांच्या तरुणपणाचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. तेही खालीच. "तुहा मोबाइल उतरला हाये," म्हणाला. शेजारच्या चहावाल्याचा मोबाइल आणला. त्यावरही तेच.

तो बराच वेळ समोरच्या उघड्या मोटरीकडे बघत बसला. जन्मभर लोकांच्या मोटरी बरोबर फिरतात की नाही हे यानं आवाजावरून ओळखलं होतं, आणि कॅसेट भरणाऱ्या दुकानातल्या ज्या एका मोटरीवर सगळा कान उभा केला ती जोरात पळतेय हे याला कधी कळलं नाही. राठोडनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"राठोडले फोन लाव," मी म्हणालो.

"लावतो."

राठोडला तेव्हा अर्धांगवायू होऊन गेला होता. डावा हात गेला होता. म्हणजे गिटार गेली. स्टुडिओ बंद करून तो बायकोसोबत तांड्यावर राहायला गेला होता. आता त्याला कोणाकडून काही मिळायचं उरलं असेल तर ते एक वाक्य, तेही याच्याकडून. 'तू खरा होता.' एवढंच. मी रोज विचारायचो आणि हा रोज म्हणायचा, "लावतो ना बे. नवरात्र तं होऊ दे."

त्या नवरात्रात त्यानं गिटार अर्धा सूर खाली लावली. आम्हाला काही न सांगता, फक्त कीबोर्डवाल्याला म्हणाला, "बटण सोड." मला फार आनंद झाला. मला वाटलं, माणूस बदलला. मीच राठोडला फोन केला आणि म्हणालो, या वर्षी ऐकायला या, काही विचारू नका, फक्त या. तो आला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून संध्याकाळच्या आरतीनंतर आला आणि पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला.

इंग्रजी गाण्याचा पहिला तुकडा वाजला आणि राठोडची मान वर झाली. त्यानं ओळखलं. एवढ्या गर्दीत ओळखणारा तो एकटाच होता, बाकी कोणाला काही फरक कळला नाही. उजव्या हातानं तो आपल्या पडलेल्या डाव्या हातावर ठेका धरू लागला आणि हसू लागला. मी ड्रमच्या मागून त्याच्याकडे बघत होतो आणि माझा ठेका एक-दोनदा घसरला.

गाणं संपलं. यानं माइक घेतला. समोर राठोड. यानं त्याच्याकडे पाहिलं, राठोडनं याच्याकडे पाहिलं. लोक टोमण्यासाठी थांबलेले. मागून कोणी तरी ओरडलंही, "बोला बोला."

"काही लोकायनं," हा म्हणाला, "जिंदगीभर उतरलेलंच वाजवलं. आज खरा सूर ऐका."

लोक हसले. राठोडनं उजव्या हातानं बायकोचा खांदा शोधला. मग बायकोनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि ते दोघं गर्दीतून बाहेर गेले.

"काहून बोलला असं?" स्टेजच्या मागे मी त्याला धरलं.

"तोंडातून निघालं. सवय हाये."

"मंग आता जा. तो अजून रस्त्यापर्यंतबी पोचला नसन."

तो वायर गुंडाळत राहिला. नीट, एकावर एक वेटोळं, दुकानात तांब्याची तार गुंडाळायचा तसा. गेला नाही. मी त्या माणसाला जीव लावला होता, आणि त्या क्षणी मला त्याची शिसारी आली.

थंडीत राठोड गेला. तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर सतरंज्या टाकून शोकसभा झाली. आम्ही दोघं मोटरसायकलवर गेलो. तिथं याला बोलायला सांगितलं आणि हा उभा राहून बोलला. "असा कान जिल्ह्यात झाला नाई. तो खरा होता, मी खोटा होतो. जिंदगीभर मी खोटं वाजवलं." बोलता बोलता रडला. लोकांचे डोळे भरून आले. कोणी मोबाइलवर चित्रण केलं आणि ते आम्ही परत पोचायच्या आत सगळ्या यवतमाळात फिरलं. मोठ्या मनाचा माणूस, असं लोकांनी त्याखाली लिहिलं.

निघताना राठोडची बायको दारात उभी होती. ती चिडली नव्हती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि त्याला म्हणाली, "भाऊ, माइक तं त्या दिवशीबी तुमच्याच हातात होता."

त्यानं पाण्याचा गिलास तसाच परत दिला.

आर्णीला आम्ही चहा घेतला. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी होतं. मी वाट पाहिली. 'उतरला हाये' न म्हणता त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

पुढच्या नवरात्रात मी तालमीला गेलो तर गिटार पुन्हा अर्धा सूर वर. "आता कायले चढवली?" मी विचारलं.

"खालचा सूर त्याचा होता," तो म्हणाला. "मले माहा खोटाच बरा."

कार्यक्रमात गाण्याच्या मध्येच पहिली तार तुटली. उरलेल्या तारांवर त्यानं गाणं कसंबसं पुरं केलं. लोक टोमण्यासाठी थांबले होते. त्यानं माइक गायकाच्या हातात दिला आणि मागे जाऊन उभा राहिला. पुढच्या चौकात आता डीजे होता. हा दोन बोटांनी कानाची पाळी धरून तिकडे तोंड करून ऐकत होता. काय ऐकत होता कोण जाणे.

उन्हाळ्यात एका दुपारी दुकानातच, मोटरीवर वाकलेला असताना, तो गेला. त्याच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी घसा बसला आहे म्हणालो.

दुकान विकलं तेव्हा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, गिटार माझ्या घरी पाठवली नाही, स्वतः घेऊन आल्या. "मले वाजवता नाई येत, वहिनी," मी म्हणालो.

"राहू द्या तुमच्यापाशी. त्यायचं दुसरं कोन होतं? फक्त तारा ढिल्या करून ठेवा, भाऊजी. चढवलेल्या राह्यल्या तं गिटारची मान वाकते म्हने."

तुटलेल्या तारेच्या जागी त्यानं नवी लावली होती, आणि सगळ्या तारा त्याच्या त्या जुन्या, खोट्या सुराला ताणलेल्या होत्या. गिटार आता माझ्या बैठकीत भिंतीवर आहे. येणारा जाणकार हटकून सांगतो, सर, खुंट्या सैल करा. मी हो म्हणतो. कधी कधी खुंटीपर्यंत हात नेतोही. पण मग पहिल्या रांगेतली राठोडची ती प्लास्टिकची खुर्ची दिसते, आणि मी हात मागे घेतो. मान वाकत चालली आहे, मला दिसतं. वाकू दे.