पडद्यावरच्या गाईचं दुखणं

आमच्या आईच्या गाईला दुखणं आलं, तेव्हा मी शपथेवर सांगतो, आमच्या कोल्हापूरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गोठा नव्हता. गाय होती हातात मावणाऱ्या गेममध्ये. तो मी माझ्यासाठी आणला होता, नव्या नोकरीच्या पगारातून. त्यात शेती करायची, गाई-कोंबड्या पाळायच्या. आई कोडोली गावची, म्हशींत वाढलेली. तिनं तो एकदा हातात घेतला आणि परत दिलाच नाही.

दुखणं गंभीर होतं. त्या गेममध्ये आजारी जनावराला औषध मिळालं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते मरतं. आणि गेममधलं औषधाचं दुकान तिथल्या जत्रेमुळे बंद. आईनं यावर उपाय काढला: गेममधल्या शेतकऱ्याला झोपवायचंच नाही, म्हणजे तिथला दुसरा दिवस उजाडणारच नाही. भाजी चिरता चिरता उठायची, गेम चालू करायची, मान खाली घातलेली गाय बघायची, बंद करायची. परत दहा मिनिटांनी तेच. दोन दिवस वडील आणि मी घरात चवड्यांवर चालत होतो.

मग मला इंटरनेटवर गेमची सेव्ह फाइल, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, बदलायचा एक प्रोग्रॅम सापडला. फुकट, आणि त्याचा सगळा कोड कुणालाही वाचायला खुला. कुण्या परदेशी पोरानं कोडमध्ये टीप लिहून ठेवली होती, कुठल्या आकड्यात जनावराचं आजारपण असतं ते. मी गेमचं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि आजारपण शून्य केलं. तिथंच थांबायचं होतं. पण खाली दुधाचाही आकडा दिसत होता. माझे हात शिवशिवले. दोनशे पंचावन्न टाकले, त्याच्या वर जाताच येत नव्हतं.

"आता चालू कर की," मी नाटकी आवाजात म्हणालो.

आईनं दिवस उजाडू दिला. गाय उभी होती. आईनं धार काढली. सगळ्यात मोठी बाटली भरली. मी टाळ्यांची वाट बघत होतो.

आईनं गेम मांडीवर ठेवला. "काय केलंस रे?"

"मी कुठं काय?"

"काल मान टाकलेलं जनावर आज बाटलीभर दूध देतंय व्हय? कुणाला शिकवतोस?"

मी सगळं कबूल केलं. वडील पेपरातून म्हणाले, "अगं, जगली की. मग झालं."

"जगली व्हय. पर अंगात ताकद कुठं हाय तिच्या? दुखण्यातनं उठलेल्या जनावराला असं पिळत्यात?" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "दूध कमी कर."

"किती करू? शून्य ते दोनशे पंचावन्न, कुठलाही आकडा चालतो."

आईनं क्षणभर डोळे मिटले. समोर खरीच कुठली तरी गाय उभी असावी. "चाळीस. चार दिवसांनी साठ. मी सांगीन तसं वाढवायचं."

मी गुमान कॉम्प्युटरकडे गेलो आणि चाळीस टाकले. कार्ड परत दिलं, तर ती गाईला ब्रश करायला लागली. धार काढली नाही. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आणि कोंबड्यांस्नी हात लावलास तर बघ."